खिडकीतला गिलास

ट्रे आला तेव्हा व्यंकटरावांचा हात पिशवीत होता. पिशवीत चष्म्याचं घर होतं, रुमाल होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आणि गिलास नव्हता. बुडाला चेपलेला स्टीलचा गिलास, त्यांचा बाहेरचा गिलास. लग्नाला जा, मयतीला जा, कलेक्टरच्या दालनात जा, व्यंकटराव चहा घेणार तो पिशवीतून काढलेल्या आपल्या गिलासात. निम्म्या धाराशिवला हे ठाऊक होतं. सकाळी स्वतःच्या हातानं घासून, पुसून ठेवलेला गिलास गेला कुठं? त्यांनी पिशवीचा तळ चाचपला. तेवढ्यात ट्रे पुढ्यात टेकला. निळ्या फुलांचे चिनीमातीचे कप, प्रत्येकाखाली बशी, आणि कडेला एक कागदी कप. टपरीवर मिळतो तसला, पिऊन चुरगाळून फेकायचा. शिवलिंगप्पांच्या बायकोनं ट्रे जरासा फिरवला, चांगला बघून फिरवला, आणि तो कागदी कप नेमका त्यांच्यासमोर आणला. "घ्या की," ती म्हणाली आणि हसली.

हसली! खोली होती तशीच राहिली. पंखा फिरत होता, शिवलिंगप्पा पावसाच्या ओढीबद्दल बोलत होते, सरुबाई मान हलवत चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती, आणि व्यंकटरावांच्या कानात मात्र एक बारीक शिट्टी सुरू झाली. ही शिट्टी त्यांच्या ओळखीची होती. वयाच्या चोविशीपासून ती त्यांच्या सोबतीला होती. त्यांनी समोर नात बसली होती तिच्याकडं पाहिलं. संघप्रिया घाईघाईनं काहीतरी सांगू बघत होती, "आजोबा, ते असं झालं की..." पण शिट्टीत माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. ते उठले. "चल," एवढंच ते बायकोला म्हणाले आणि चपला पायात न सारताच, हातात घेऊन जिना उतरू लागले. वरून सरुबाईचा आवाज आला, "अवो, थांबा की वाईच!" ती लगेच खाली आली नाही. चांगला वेळ लावून आली. तोंड पुसत आली. म्हणजे हिनं बशीत ओतून उरलेला चहा पिऊन टाकला, वर दोन गोड शब्द बोलली आणि मग सावकाश नवऱ्याच्या मागं निघाली. आता बोला.

प्रकरण साधं होतं, म्हणजे इतरांना साधं वाटत होतं. नात आजी-आजोबांकडं राहून इथल्या औषधनिर्माण कॉलेजात शिकवत होती. त्याच कॉलेजातल्या शिवप्रसादशी तिचं जुळलं. मुलगा लिंगायत, घर मूळचं येरमाळ्याकडचं, वडील शिवलिंगप्पांचं बियाण्यांचं दुकान. प्रसेनजित, म्हणजे व्यंकटरावांचा मुलगा, सोलापूरहून बायकोला घेऊन मागंच येऊन मुलाकडच्यांना भेटून गेला होता. त्यानं हो म्हटलं होतं. पण पोरगी अडून बसली होती. आजोबा हो म्हणत नाहीत तोवर तारीख काढायची नाही, असं तिनं दोन्ही घरांना बजावलं होतं. बापापेक्षा आजोबांचा लळा जास्त. तिला सायकल आजोबांनी शिकवली, बाबासाहेबांच्या जयंतीला खांद्यावर बसवून मिरवणूक आजोबांनी दाखवली. म्हणून आज मोठ्या माणसांनी नुसतं एकत्र बसून चहा घ्यायचा होता. येरमाळा म्हटल्याबरोबर सरुबाई हरखली होती. "म्हंजी माझ्या म्हायेरचंच की हो!" व्यंकटराव तेव्हाही म्हणाले होते, येरमाळ्याचे खरे, पण गावाच्या कोणत्या अंगाचे? तुझ्या आईला त्यांच्या आडावर पाणी भरता येत होतं का, ते विचार. तिनं काही विचारलं नव्हतं. ती असं कधीच काही विचारायची नाही.

रिक्षात ते एका कडेला आणि ती एका कडेला बसली. ऊन असं होतं की रेग्झिनच्या गादीला हात लावला तर चटका बसावा. स्टँडकडून येणाऱ्या एसट्या धूर सोडत जात होत्या, आणि व्यंकटराव परंड्याला होते. परंड्याची ती कचेरी. दगडी भिंती, उंच छत, आणि रस्त्याकडची ती एक खिडकी. नोकरीला लागून आठवडा झाला असेल. चहा करणारा शिपाई रामकिसन सगळ्यांचे कप पत्र्याच्या कपाटातून काढायचा आणि व्यंकटरावांना म्हणायचा, "तुमचा गिलास तितं हाय बघा, खिडकीत." किती गोड म्हणायचा! कुणी कधी वावगा शब्द बोललं नाही. कुणी जात काढली नाही. नुसता एक नवाकोरा स्टीलचा गिलास खिडकीत ठेवलेला असायचा, आणि सगळ्यांचे कप रामकिसन धुवायचा, तो गिलास व्यंकटरावांनी धुवायचा. किल्ल्याकडून येणारी धूळ त्यात बसायची. एकदा त्यात पाल निघाली, तेव्हा सगळी कचेरी हसली आणि व्यंकटरावही हसले. ते आपलं हसणं त्यांना अजून खुपत होतं. साहेबाचं, हेडक्लार्कचं, रामकिसनचं हसणं कधीच माफ करून झालं असतं, पण स्वतःचं हसणं काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. बदली झाली त्या दिवशी त्यांनी तो गिलास उचलला, घरी आणला, राखेनं घासला, आणि तेव्हापासून तोच पिशवीत. तुम्ही काय मला वेगळं ठेवता, मीच तुम्हाला वेगळं ठेवतो. दुसऱ्याच्या घरी चहा समोर आला की ते सावकाश गिलास काढत, त्यात चहा ओतून घेत आणि रिकामा कप यजमानाकडं सरकवत. यजमानाचा चेहरा उतरायचा. त्या उतरलेल्या चेहऱ्याची चव चहाहून चांगली लागायची.

"कशापायी उठलात?" रिक्षा वळली तेव्हा सरुबाईनं विचारलं.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"मग काय? चहा चांगला व्हता. आलं टाकलेलं." आणि तिनं पदराची गाठ सोडून त्यातली सुपारी तोंडात टाकली.

घरी आल्यावर त्यांनी चहा मागितला. घरची गोष्ट वेगळी होती. घरी गिलास नाही. घरी मोहरीच्या फुलांच्या रंगाची नक्षी असलेले कप, सगळे सारखे, आणि बशी. व्यंकटराव घरी चहा बशीत ओतत, दोन्ही हातांनी बशी धरत, फुंकर मारत आणि फुर्र आवाज करून पीत. साऱ्या दिवसात एवढा एकच वेळ असा होता की त्यांच्या कपाळावरची आठी जायची. पण त्या दिवशी बशीतला चहाही फुर्र झाला नाही. दारात संघप्रिया उभी होती. डोळे लाल. तिच्या हातात गिलास होता.

"मी काढून ठेवला होता पिशवीतून," ती म्हणाली. "माझी चूक झाली. मला वाटलं एक दिवस तरी तो नको. आणि मीच शिवप्रसादला सांगितलं होतं की आजोबा दुसऱ्याच्या उष्ट्या कपात चहा घेत नाहीत, काहीतरी नवं, न वापरलेलं बघ. त्याच्या आईनं मुद्दाम माणूस पाठवून कोरा कप मागवला, आजोबा. तुमचा मान म्हणून. तो तसाच टाकून निघालात तुम्ही, त्या रडत बसल्यात."

झालं! दुसरा कुणी असता तर हुश्श म्हणाला असता. व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली आणि विचार केला, नवाच हवा होता तर नवा चिनीमातीचा कप मिळत नव्हता? बाजार बंद होता? परत न ठेवायचा, फेकून द्यायचा कपच कसा सुचला? बघा, मुद्दा बिनतोड होता. त्यांचे मुद्दे नेहमी बिनतोडच असायचे. तीच तर खरी पंचाईत होती. माणसाचा संशय खोटा निघाला तर माणूस शहाणा होतो. व्यंकटरावांचा एक खरा निघाला होता. बढती अडली तेव्हा त्यांना वाटलं होतं, हेडक्लार्कनं साहेबाकडं कान भरलेत. सगळे म्हणाले, वहिम आहे तुमचा, व्यंकटराव, सोडा. दोन वर्षांनी बदलून जाताना साहेबानंच कबूल केलं, व्हय, त्यानंच अडवलं. त्या दिवशी व्यंकटरावांना जो आनंद झाला, तो बढती मिळून झाला नसता. बघा, मी म्हणत होतो! त्यानंतर त्यांनी आपल्या संशयाला कधी उलट तपासलं नाही. तो जे सांगेल ते खरं. सरुबाईला तो दिवस आठवत होता, पण वेगळा. "तवा तुमी भजी आणली व्हती," ती म्हणायची. "गरम व्हती. प्रसेनजित लहान व्हता, त्यानं मिरचीचं खाल्लं आन नाचला." एकाच घरात, एकाच दिवशी दोघं होती, आणि तिच्या वाट्याला भजी आली होती.

हे त्यांना सहन व्हायचं नाही. निवृत्त झाल्यापासून ओट्यावरच्या खुर्चीत बसून ते दिवस काढत होते, आणि दिवसभर त्यांच्या दारावरून अपमान जात येत होते. पेपरवाला शेजाऱ्याचा पेपर ओट्यावर ठेवतो, आपला फाटकातून फेकतो. दूधवाला माप देताना आपल्याकडं बघत नाही. विहारातल्या कमिटीनं पत्रिकेत आपलं नाव तिसऱ्या ओळीत टाकलं. प्रसेनजितनं फोन केला तर काहीतरी काम असणार, नाही केला तर विसरला. सरुबाई त्याच ओट्यावर खाली बसून भाजी निवडायची. तिला पेपरवाल्याच्या बहिणीचं बाळंतपण ठाऊक होतं, दूधवाल्याची म्हैस ठाऊक होती. गुडघे तिचेही दुखत होते, पोटची पोरगी तिचीही गेली होती तापात, परंड्याला साहेबाच्या बायकोनं वरून पाणी तिच्याही ओंजळीत ओतलं होतं. तरी रात्री अंथरुणावर पडली की ती म्हणायची, "बरं चाललंय बाई आपलं." कुणाला म्हणायची कोण जाणे. अंधारात व्यंकटरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांना वाटायचं, हिला काही कळत नाही. अडाणी आहे, म्हणून सुखी आहे. हा विचार त्यांना पुष्कळ वर्षं पुरला.

त्या आठवड्यात त्यांनी तो तिला बोलून दाखवला. "तुला समजतच नाही कोण तुला काय समजतं ते."

सरुबाई ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. "मला आंधळी समजता व्हय? कागदाचा कप मला बी दिसला. माझ्या बी पोटात कळ आली. परंड्याच्या बाईनं पाणी वतलं तवा बी आली व्हती." मग सूप थांबवून म्हणाली, "म्या रोज उठून तितं बघत न्हाय. तेवढंच. तुमी न्हेमी तितंच बघता. आन तुमचं बघणं संपतच न्हाय. म्या तुमच्याबरूबर ऱ्हायलेय, त्या कचेरीबरूबर न्हाय. पर तुमी मला बी तितंच नेऊन बसवलं." आणि परत पाखडायला लागली. रागानं व्यंकटरावांचे कान तापले, कारण ती अडाणी नव्हती हे त्यांना आत कुठंतरी आधीपासून ठाऊक होतं.

रविवारी शिवलिंगप्पा स्वतः आले. एकटे आले, पेढ्यांचा पुडा घेऊन, टोपी नीट करत. ओट्यावर वाकून म्हणाले, "जयभीम, व्यंकटराव." जयभीम म्हणायचा सराव करून आला असेल, व्यंकटरावांच्या मनात आलं, नमस्कार म्हणाला असता तर तोंडातून जयभीम निघेना असं मनात आलं असतं, हेही त्यांना तेव्हाच कळलं, पण कळून उपयोग होत नाही. आत बसले. शिवलिंगप्पा हात जोडून म्हणाले, "चूक झाली आमची. बायकांचं ध्यान ऱ्हायलं न्हाय. तुमी मनात ठिवू नगा. पोरांचं चांगलं व्हायलंय, आपुन कशाला मदी यायचं?" माणूस साधा दिसत होता. हातावर बियाण्यांच्या औषधाचे डाग होते. व्यंकटरावांना क्षणभर, खरंच क्षणभर वाटलं की बास झालं. हो म्हणावं. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून. लहानपणी सायकल शिकताना हँडल धरायची तशी. आजोबा, सोडू नका, म्हणायची, आणि ते सोडून द्यायचे तेव्हा तिला कळायचंही नाही. हो हा एक शब्द. तो जिभेवर आला होता.

सरुबाईनं चहा आणला. घरचे कप, बशीसकट. व्यंकटरावांनी आपला उचलला नाही. ते पाहुण्याच्या कपाकडं बघत बसले. शिवलिंगप्पा बोलत होते, तारखेचं, मंडपाचं, बुद्धवंदना आधी घेऊ मग आमचे चार लोक अक्षता टाकतील असं काहीतरी, आणि चहा तसाच होता. त्यावर साय धरायला लागली. पितो का नाही? पितो का नाही? शिट्टी सुरू झाली. मग शिवलिंगप्पांनी कप उचलला, चहा बशीत ओतला, कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी बशी तोंडाला लावून फुर्र करून प्यायले.

"कपाला तोंड लावलेलं चालत नाही वाटतं तुमच्यात?"

आपणच बोललो हे व्यंकटरावांना आवाज ऐकल्यावर कळलं. समोर त्यांचा स्वतःचा कप होता, आणि त्याखाली त्यांची स्वतःची बशी होती, ज्यातून ते रोज सकाळ-संध्याकाळ असेच, अगदी असेच फुर्र करून पीत आले होते. हे त्यांना दिसत होतं. सरुबाईला दिसत होतं. शिवलिंगप्पांना मात्र काय ठाऊक? त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बशी ठेवली, कप उचलला आणि त्यात उरलेला चहा सगळ्यांदेखत, कपाला ओठ लावून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. घशाची गाठ वरखाली होताना दिसली. दाखवायला प्यायला, व्यंकटरावांच्या मनानं लगेच नोंद केली. आणि त्याच वेळी त्यांना थंडगार कळून चुकलं, की हा माणूस कसाही प्यायला असता तरी चुकलाच असता. त्याला बरोबर वागण्याची एकही वाट त्यांनी ठेवली नव्हती. कळलं, तरी तोंडातून हो निघालं नाही. तो शब्द कुठं गेला ते त्यांना सापडेना.

शिवलिंगप्पा उठले. "आमचं लई चुकलंय, मागच्या पिढ्यांचं," ते हळू म्हणाले. "म्या न्हाय म्हणत न्हाय. पर व्यंकटराव, आता म्या अजून काय करू, तुमीच सांगा." ते सरुबाईला नमस्कार करून गेले. बाहेर त्यांची मोटरसायकल दोनतीन लाथांनंतर सुरू झाली.

संघप्रिया चौकट सोडून पुढं आली. रडत नव्हती. पाहुण्याच्या जाण्याकडं तिनं पाहिलंच नव्हतं, सगळा वेळ ती आजोबांच्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि तिथं जे दिसायचं ते दिसून गेलं होतं. "मी त्यांना तारीख काढायला सांगते," ती म्हणाली. "आणि आजोबा, तुम्ही लग्नाला येऊ नका. तुम्ही याल, आणि पंगतीत कोण कुठं बसलं ते बघत बसाल, आणि मी दिवसभर तुमच्याकडं बघत बसेन. मला एक दिवस तसा नकोय." मग तिचा आवाज फुटला. "मला तुमचं वाईट वाटतं हो. पण मला भीतीच जास्त वाटते. आजकाल मलाही लोकांच्या बोलण्यात काहीतरी ऐकू यायला लागलंय." एवढं बोलून ती आत गेली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

दुपार झाली. सरुबाई आतल्या खोलीत नातीच्या जवळ बसली होती, दोघींचं हळू बोलणं ऐकू येत होतं, मधेच सरुबाईचं हसणं, आणि मग नातीचंही. व्यंकटराव एकटेच बाहेरच्या खोलीत होते. चहावर जाड साय आली होती. त्यांनी उठून ट्रे उचलला, मोरीत नेला, कप विसळले, बशा विसळल्या. मन कुठंतरी परंड्याला होतं, रामकिसनपाशी. तो मेला असेल का, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. मेला असेल तर तिथली खिडकी आता फक्त आपल्यालाच आठवत असणार, दुसऱ्या कुणालाच नाही. हात पुसून ते परत खुर्चीत येऊन बसले, आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती सरुबाईच्या आवाजानं. ती मोरीच्या दारात उभी होती. "ह्यो कप हितं खिडकीत कुणी ठिवला? एकटाच?"

मोरीला रस्त्याकडं एक लहान खिडकी होती. तिच्या कठड्यावर एक कप होता, उलटा न घालता, तोंड वर करून ठेवलेला. बाकीचे सगळे फडताळात होते. पाहुण्याचा कप तो, हे सांगायला नको होतं. व्यंकटरावांना ठेवल्याचं आठवत नव्हतं. हातांनी आपणहून ठेवला होता. एवढ्या वर्षांत हात कधी विसरले नव्हते की वेगळं भांडं कुठं ठेवतात.

"मला काय माहीत," ते म्हणाले.

सरुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिनं कप उचलला, पदरानं पुसला, फडताळ उघडलं आणि बाकीच्या कपांत नेऊन ठेवला. नुसता ठेवला नाही, बोटानं दोनचार कप इकडचे तिकडं सरकवले. सगळे सारखे, मोहरीच्या फुलांच्या रंगाच्या नक्षीचे. आता त्यातला तो कोणता, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखा चहा आणून समोर ठेवला, कप आणि खाली बशी. संघप्रिया कॉलेजला निघाली होती, दारात चप्पल घालत होती. व्यंकटरावांनी कपाकडं पाहिलं. कडा पाहिल्या. कान पाहिला. बशीत ओतायला हात पुढं केला, आणि तो हात तिथंच राहिला. बाहेर पेपर फाटकातून येऊन पडला.

"माझा गिलास दे," ते म्हणाले.